सहा चौरस मीटर गहू

चाचणीच्या वाफ्यात सहा ओळी. दोन ओळींत वीस सेंटिमीटर अंतर, ओळ पाच मीटर लांब. म्हणजे सहा चौरस मीटर. केंद्राकेंद्रावर हे माप थोडं बदलतं, पण हिशेबाला सोपं म्हणून हेच धरू. वाफ्यातून निघालेल्या दाण्याचं वजन किलोत घ्यायचं, १,६६७ नं गुणायचं, की हेक्टरी उत्पादन हातात. यात साठ ग्रॅम दाणे इकडचे तिकडे झाले की हेक्टरी एक क्विंटलचा फरक पडतो. साठ ग्रॅम म्हणजे मूठभर गहू. ताडपत्रीच्या घडीत तेवढा सहज अडकून राहतो. ओंब्या नीट झोडपल्या नाहीत तर तेवढा काडातून जातो. एखाद्या नव्या वाणानं जुन्यावर दोन क्विंटलांनी मात केली असं अहवालात वाचलं की मला आधी त्या दोन मुठी दिसतात.

म्हणून एक वाफा कधीच पुरत नाही. तोच वाण तीनचार ठिकाणी पेरायचा, कुठल्या गटात कुठला वाफा कोणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि मग सगळ्यांचा मेळ घालायचा. दाण्यातली ओलही मोजायची. चौदा टक्के ओलीचा वीस क्विंटल गहू बारा टक्क्यांवर आणला की पंचेचाळीस किलोनं हलका होतो. डोंगरात कापणीच्या दिवसांत वळीव आला तर मळणी लांबते, आणि एका टप्प्यावरचे दाणे कोरडे, खालच्या टप्प्यावरचे दमट अशी गंमत होते.

*

हवालबाग. अल्मोड्याहून तेरा किलोमीटर खाली, कोसी नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२५० मीटरवर. विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेचं प्रक्षेत्र इथं आहे. इथून निघालेल्या गव्हाच्या नावामागं ‘व्हीएल’ लागतं: व्हीएल ६१६, व्हीएल ८०४, व्हीएल ८२९, व्हीएल ९०७. ही अक्षरं विवेकानंद लॅबोरेटरीची. बोशी सेन हे जगदीशचंद्र बोस यांच्या हाताखाली तयार झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी ४ जुलै १९२४ रोजी, विवेकानंदांच्या पुण्यतिथीला, कोलकात्यात राहत्या घरीच प्रयोगशाळा काढली. १९३६ मध्ये ती अल्मोड्याला आली. त्यांच्या पत्नी गर्ट्रूड इमर्सन अमेरिकन, ‘एशिया’ मासिकाच्या संपादक. सेन यांचं मूळ काम सजीव पेशीतल्या जीवद्रव्यावरचं. ते सोडून हा माणूस डोंगरातल्या मक्याकडं आणि गव्हाकडं वळला. १९७४ साली संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडं गेली.

वाणाच्या अक्षरांवरून त्याचं गाव कळतं. एचएस म्हणजे शिमल्याचा, एचपीडब्ल्यू हिमाचलचा, एनआय निफाडचा, एमएसीएस पुण्याच्या विज्ञानवर्धिनीचा. चाचणीत मात्र ही पाटी झाकतात. वाणाला नुसता क्रमांक देऊन पिशव्या पाठवतात, म्हणजे आपल्या संस्थेच्या वाफ्याला कोणी जास्त माया करू नये.

*

डोंगरातलं शेत पायऱ्यांचं. पायरी खोदताना डोंगराकडच्या बाजूची माती कापून दरीच्या बाजूला ओढलेली असते. त्यामुळं आतल्या कडेला खालचा मुरूम उघडा पडतो आणि बाहेरच्या कडेला भुसभुशीत, खोल माती साठते. पण आतल्या कडेला डोंगरातून पाणी पाझरतं, त्यामुळं कोरड्या वर्षी तीच कडा जास्त वेळ ओली राहते. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी बाहेरची बाजू पुढं, कोरड्या वर्षी आतली. एकाच पायरीवर, सहा पावलांच्या रुंदीत, हा सगळा तमाशा.

आता या पायरीवर वाफे आडवे पाडायचे की उभे? प्रत्येक वाफ्याला आतली कडाही मिळावी आणि बाहेरचीही, असा तो पडला पाहिजे. एकेक पायरी म्हणजे एकेक गट. दोन वाणांची तुलना एकाच पायरीवर करायची, वरच्या पायरीवरच्या वाणाशी खालच्याची नाही. सपाटीवर हे सगळं पुस्तकात वाचून सोडून देता येतं. इथं ते चुकलं की निकाल वाणाचा राहत नाही, मुरमाचा होतो.

ही रीत रोनाल्ड फिशर यांची. १९१९ पासून ते इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथं होते. तिथं १८४३ पासून एका शेतात दरवर्षी गहू घेतला जातोय, त्याच्या नोंदींचे ढीग साचले होते. जमीन सगळीकडं सारखी नसते हे शेतकऱ्याला कायमच ठाऊक होतं. ती सारखी नाही असं गृहीत धरूनही तुलना कशी करायची, हे फिशरनी दाखवलं. रॉथमस्टेडच्या जवळजवळ सपाट रानात त्यांना याची गरज वाटली. डोंगरात असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

*

कृषी महाविद्यालयात शिकलेल्या कोणालाही ‘पानसे-सुखात्मे’ म्हटलं की पुरे. १९५४ चं ते पुस्तक, शेतीच्या प्रयोगांचं संख्याशास्त्र. दोघेही मराठी. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे.

सुखात्मे यांचं एक काम मात्र या डोंगरी वाफ्यांच्या संदर्भात फार आठवतं. १९४० च्या दशकात देशात पीक कापणीचे प्रयोग सुरू झाले, तेव्हा वाद होता की नमुन्याचा तुकडा केवढा कापावा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. लहान तुकडा स्वस्त, पटकन होतो, जास्त ठिकाणी घेता येतो. सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा जितका लहान तितकं उत्पादन फुगून येतं. कारण साधं आहे. दोरी टाकल्यावर कडेवरचं रोप आत की बाहेर, हा प्रश्न येतो, आणि कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. लबाडी नसते. पीक कापताना भरलेली ओंबी बाहेर ठेवणं जिवावर येतं, एवढंच. तुकडा मोठा असेल तर कडेच्या रोपांचं प्रमाण कमी, म्हणून फुगवटाही कमी.

आपल्याकडं आजही तलाठी आणि कृषी सहायक शेतात दोरी धरून पीक कापणी प्रयोग करतात, आणि त्यावर विम्याचे पैसे ठरतात. हा कडेवरच्या रोपाचा प्रश्न तिथंही हजर असतो.

डोंगरातल्या पायरीला मुळात कडाच जास्त. चार मीटर रुंदीच्या पायरीवर मधला भाग उरतो किती? कडेच्या ओळींना ऊन जास्त, वारा जास्त, शेजारी स्पर्धा नाही. त्या जोमानं वाढतात. म्हणून कडेच्या ओळी सोडून मधल्या तेवढ्या तोलायच्या, असा नियम आहे. पण शेतकऱ्याचं शेत म्हणजे निम्मी कडाच. कडा सोडून तोललेला आकडा त्याच्या शेताचा कसा म्हणायचा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

*

शंभर मीटर वर चढलं की हवा साधारण अर्धा-पाऊण अंश थंड होते. हवालबागेहून हजार मीटर वरच्या गावात सहा-साडेसहा अंशांचा फरक. गव्हाला तो महिन्याचा फरक पडतो. निफाडला पेरलेला गहू एकशेदहा-पंधरा दिवसांत कापणीला येतो. अल्मोड्याकडं साडेपाच महिने लागतात. त्याहून वर बर्फाखाली झोपणारं पीक आठ-नऊ महिने रानात असतं. लडाख-लाहौलमध्ये हिवाळ्यात पेरायचं नावच नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला पेरायचं आणि पुन्हा बर्फ पडायच्या आत काढायचं.

शिवाय उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते पाहावं लागतं. दक्षिणेकडचा उतार उन्हाचा, लवकर सुकणारा. उत्तरेकडचा सावलीचा, ओल धरणारा. एकाच उंचीवरची दोन गावं, एका डोंगराच्या दोन अंगांना, आणि गव्हात पंधरवड्याचं अंतर.

*

देशातल्या गव्हाची चाचणी विभागवार होते. समन्वित प्रकल्प १९६५ चा, सूत्रं कर्नालहून हलतात. उत्तरेकडच्या डोंगरांचा एक विभाग: जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, दार्जिलिंगचे डोंगर, सिक्कीम, ईशान्य भारत. गव्हाखाली सुमारे आठ लाख हेक्टर. खुडवानी, बजौरा, मलान, शिमला, हवालबाग इथली चाचणी केंद्रं याच विभागातली. हिमाचलमधलं उना आणि पांवटा खोरं मात्र यात नाही, ते पंजाबच्या सपाटीबरोबर मोजतात. उत्तराखंडातली तराईही नाही. राज्याची हद्द गव्हाला कळत नाही हे ज्यानं कोणी ओळखलं, त्यानं शहाणपण केलं.

तरीही खुडवानी आणि इंफाळ एकाच विभागात, ही ओढाताणच.

*

कुमाऊंत जमिनीचे दोन मुख्य प्रकार. नदीकाठची, पाटाच्या पाण्याची ती ‘तलाऊं’. वरची, पावसावरची ती ‘उपराऊं’. आपल्या बागायत-जिरायतीसारखंच, फक्त इथं फरक उंचीनं ठरतो. उपराऊंवर जुनी पद्धत अशी की दोन वर्षांत तीन पिकं: भात, मग गहू, मग मडुवा, आणि एक हिवाळा पडीक. मडुवा म्हणजे आपली नाचणी. तिची मळणी लांबली की गव्हाची पेरणी चुकते, म्हणून गव्हाच्या वाणाचा विचार नाचणीला बाजूला ठेवून होत नाही.

या जिरायत गव्हाला पाणी येतं ते हिवाळी पावसाचं. पश्चिमी चक्रावात भूमध्य समुद्राकडून येतात, हिमालयाला अडतात, वर बर्फ आणि खाली पाऊस देतात. आपल्याकडं थंडीत पाऊस आला की मावठा म्हणतात आणि द्राक्षवाला डोक्याला हात लावतो. तिथं हा पाऊस चुकला की गहू गेला. पेरणीला वापसा हवा तोही सरत्या पावसाळ्याच्या ओलीवर. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं तर ती ओल मिळते. नोव्हेंबरपर्यंत वरचा थर कोरडा पडतो, मग हिवाळी पावसाची वाट बघायची. म्हणून लवकर पेरणीची चाचणी वेगळी, वेळेवरची वेगळी, उशिराची वेगळी. ऑक्टोबरात अव्वल ठरलेला वाण डिसेंबरात शेवटून दुसरा असू शकतो, कारण त्याला लांब थंडी हवी असते आणि उशिरा पेरल्यावर ती मिळत नाही.

*

काडाबद्दल.

चाचणीच्या तक्त्यात रकाने असतात: निसवण्याचे दिवस, पक्वतेचे दिवस, उंची, हजार दाण्यांचं वजन, धान्य उत्पादन. काड? ते कुठं तोललं तर तोलतात. निवड धान्यावर होते.

पंजाबात हे खपून जातं. तिथं कंबाइन येतं, काड रानातच राहतं. डोंगरात हिवाळ्यात गवत सुकतं, वरची कुरणं बर्फाखाली जातात. दावणीला गाय असते, बैल असतात, आणि त्यांचं खाणं बायका डोक्यावरून आणतात. घरात गव्हाचं काड असेल तर गवताच्या तेवढ्या खेपा वाचतात. एकदा वाण बघायला आलेल्या बाईनं आधी ओंबी हातात घेतली नाही. तिनं खाली वाकून ताटाचा बुंधा चिमटीत धरला, वाकवून पाहिला, मग एक पान दातांनी तोडून चावलं. ‘जनावर खाईल का?’ हा तिचा पहिला प्रश्न. दाण्याचं तिनं शेवटी विचारलं, तेही पोळी काळी पडते का म्हणून.

हरितक्रांतीचे बुटके वाण डोंगरात सगळीकडं का रुजले नाहीत, याचं निम्मं उत्तर इथं आहे. बुटक्या ताटाला खत-पाणी भरपूर दिलं तर ते लोळत नाही आणि दाण्यानं भरतं. त्याचा सगळा फायदा भरल्या घरचा. उपराऊंवर खत बेताचं, पाणी आभाळातलं, तिथं गहू लोळण्याइतका वाढतच नाही. मग बुटकेपणाचा उपयोग काय? काड मात्र हमखास कमी.

अल्मोड्याच्या लोकांनी यावर चांगली तोड काढली. व्हीएल ६१६ आणि व्हीएल ८२९ हे दुहेरी कामाचे वाण. ऑक्टोबरात पेरायचे, अडीच-पावणेतीन महिन्यांनी एकदा हिरवे कापून वैरणीला घ्यायचे आणि पुन्हा फुटू द्यायचे. ऐन थंडीत, चारा नसताना हिरवी वैरण मिळते आणि मे महिन्यात दाणाही. लवकर पेरलेला गहू थंडीत फार पुढं गेला तर निसवताना दहिवरात सापडतो. मधल्या कापणीनं तोही धोका टळतो. दाण्यात थोडी घट येते. पण ती घट आणि ती वैरण यांचा एकत्र हिशेब मांडला की कागदावर दुसरा-तिसरा असलेला वाण घरात पहिला येतो.

माझ्या मते डोंगरातल्या प्रत्येक चाचणीत काडाचा रकाना सक्तीचा हवा. खर्च एका जास्तीच्या तोलाचा. तो होत नाही, याचं कारण मला एवढंच दिसतं की काडाला हमीभाव नाही.

*

माकडं. चाचणीत ‘वन्य प्राण्यांमुळं निकाल रद्द’ अशी ओळ जितक्या वेळा दिसते, त्यावरून खरी परिस्थिती कळते. रानडुक्कर रात्री, साळिंदर मुळाशी, माकडं दिवसाढवळ्या. संशोधन केंद्राला कुंपण आणि राखणदार असतो. गावातल्या पायऱ्यांना नसतो, आणि माणसं शहरात गेल्यानं शेजारची शेतं पडीक. त्या झुडपातच डुकरं राहतात. कुसळाचा गहू माकडाला तोंडात टोचतो म्हणून लोक कुसळवाला वाण मागतात. हा गुण कुठल्या पैदासकारानं उद्दिष्ट म्हणून लिहिलेला मी पाहिलेला नाही.

*

तांबेरा मोजायची रीत. पान उजेडाकडं धरायचं. पिवळा तांबेरा शिरांच्या बाजूनं रेघांनी येतो, शिवणीच्या टाक्यांसारखा. बोट फिरवलं की हळद लागावी तसं बोट पिवळं. मग दोन गोष्टी लिहायच्या: पानाचा किती टक्के भाग व्यापला, आणि फोड कसा आहे. ‘६० एस’ म्हणजे साठ टक्के, आणि झाड पुरतं बळी. ‘२० एमआर’ म्हणजे वीस टक्के, पण झाड झगडतंय, फोड बारीक, भोवती पान वाळलेलं. मग टक्क्यांना गुणक लावायचा: बळीला १, झगडणाऱ्याला ०.४. म्हणजे पहिल्याचे ६०, दुसऱ्याचे ८. चाचणीच्या भोवती मुद्दाम ‘आग्रा लोकल’सारखा दुबळा गहू लावतात. त्यावर रोग वाढवायचा, म्हणजे आत सगळ्यांना सारखा प्रसाद मिळतो.

दाण्याचं उत्पादन आणि तांबेरा या दोन वेगळ्या चाचण्या म्हणून चालतात. डोंगरात त्या वेगळ्या काढता येत नाहीत. पिवळ्याला थंड, दमट हवा लागते आणि ती इथं महिनोन् महिने असते.

*

आग्रा कॉलेजचे करमचंद मेहता. त्यांनी १९२० च्या दशकापासून वर्षानुवर्षं एका प्रश्नाचा पाठलाग केला: उत्तरेच्या मैदानात मे-जूनच्या उन्हात तांबेऱ्याचे बीजाणू मरतात, मग पुढच्या जानेवारीत तो येतो कुठून? युरोप-अमेरिकेत बार्बेरी नावाच्या झुडपावर काळ्या तांबेऱ्याचा एक जन्म होतो. हिमालयातही बार्बेरीच्या जाती आहेत, म्हणून सगळ्यांची बोटं तिकडं. मेहतांनी दाखवलं की आपल्याकडं तिचा हात नाही. कापणीनंतर डोंगरात आपोआप उगवलेल्या गव्हावर रोग उन्हाळा काढतो आणि वाऱ्याबरोबर खाली उतरतो. शिमल्याच्या फ्लॉवरडेलमध्ये आजही देशभरातून आलेली रोगट पानं तपासून तांबेऱ्याच्या प्रजाती ओळखतात.

म्हणजे डोंगरातला गहू हे मैदानाचंही दुखणं. डोंगरात दुबळा वाण टिकून राहिला तर त्याची किंमत हरियाणात चुकवावी लागते. पैसा मात्र मैदानातल्या गव्हावर जास्त खर्च होतो.

*

आपल्याकडं महाराष्ट्रात येणारा काळा आणि नारिंगी गेरवा, म्हणजे तांबेराच, हिमालयातून येत नाही. त्याचं घर निलगिरी आणि पळणीचे डोंगर. तिथं वर्षभर कुठं ना कुठं गहू उभा असतो. एल. एम. जोशी आणि एस. नागराजन यांनी १९७० च्या दशकात उपग्रहाची ढगांची चित्रं आणि हवामानाचे नकाशे लावून दाखवलं की नोव्हेंबरातल्या वादळी वाऱ्यांबरोबर बीजाणू उत्तरेकडं येतात आणि पावसाबरोबर गव्हावर उतरतात. म्हणून निलगिरीत वेलिंग्टनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे आणि महाबळेश्वरला राहुरी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र. स्ट्रॉबेरी आणि घोड्यांच्या गर्दीत ते कोणाच्या ध्यानात येत नाही. थंड, दमट हवेत तिथं गेरवा जिवंत ठेवतात आणि नव्या वाणांवर सोडून बघतात. निफाडला किंवा पुण्याला चांगला भरलेला वाण त्या हवेत टिकला तर पुढं.

आणि खपली. सांगली-सातारा-कोल्हापूरकडं खिरीसाठी, लापशीसाठी लोक हा गहू अजून सांभाळून आहेत. अमेरिकेत मिनेसोटात स्टॅकमन यांनी काळ्या तांबेऱ्याच्या प्रजाती ओळखायला बारा गव्हांचा संच ठरवला, त्यात एक ‘खपली’ या नावानंच आहे. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा स्थानिक गव्हाशी संकर करून ‘खपस्टाइन’ काढला आणि त्यातून प्रतिकाराची जनुकं जगभर गेली. खपलीचं दाण्याचं उत्पादन मोजायला बसलं तर ती पहिल्या फेरीतच बाद होते.

*

काश्मीर खोऱ्यात गहू उशिरा पिकतो आणि त्याच सुमारास भाताची लावणी असते. त्याच शेतात. हेक्टरी पाच क्विंटल जास्त देणारा, पण दहा दिवस उशिरा पिकणारा वाण तिथं कोणी घरात घेणार नाही. तक्त्यात ‘पक्वतेचे दिवस’ हा रकाना उत्पादनाच्या आधी छापला पाहिजे.

*

डलंग मैदान, लाहौल. कर्नालचं उन्हाळी केंद्र. मैदानात एप्रिलमध्ये काढलेला गहू मे महिन्यात तिथं पेरायचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढून पुन्हा नोव्हेंबरात मैदानात. एका वर्षात दोन पिढ्या. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत हेच केलं: समुद्रसपाटीजवळचं सोनोरा आणि अडीच हजार मीटरवरचं तोलुका. पुस्तकी शास्त्र सांगत होतं की वाण ज्या जागेसाठी, त्याच जागेत निवडावा. बोरलॉग यांना घाई होती. त्या घाईतून दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारा गहू हाती आला आणि म्हणूनच तो मेक्सिकोहून दिल्लीत चालला.

रोहतांगला बोगदा नव्हता तेव्हा बियाणं बर्फ पडायच्या आत खिंड ओलांडून खाली आणावं लागे. २०२० पासून अटल बोगदा आहे.

पण बोरलॉगचा गहू सगळीकडं चालतो यातूनच एक अडचण झाली. सगळीकडं चालणं हाच गुण ठरला, आणि एकाच खोऱ्यात उत्तम चालणारा वाण सरासरीत मागं पडू लागला.

*

सरासरीचा घोळ. समजा, दोन वाण. पहिला चांगल्या शेतात चाळीस क्विंटल, वाईटात दहा. दुसरा चांगल्यात एकोणतीस, वाईटात सतरा. सरासरी काढा: पंचवीस आणि तेवीस. पहिला जिंकला. पण ज्याच्याकडं फक्त वाईट शेत आहे त्याचे सात क्विंटल गेले. फिनले आणि विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जवाच्या आकड्यांवर हेच मांडलं: प्रत्येक जागेची सरासरी आडव्या अक्षावर घ्या, वाणाचं उत्पादन उभ्या अक्षावर, आणि रेघ किती चढी आहे ते बघा. चढी रेघ म्हणजे भरल्या शेताचा वाण. सपाट, उताणी रेघ म्हणजे गरीब शेताचा. एबरहार्ट आणि रसेल यांनी १९६६ मध्ये त्यात भर घातली. गणित आहे, संगणक आहे, विद्यार्थी प्रबंधही लिहितात. वाण प्रसारित करताना मात्र पुन्हा सरासरीचा रकाना.

तोही केंद्रांवरच्या वाफ्यांचा. केंद्र नेहमी रस्त्यालगत, त्यातल्या त्यात सपाट, पाण्याजवळ. हवालबाग नदीकाठी आहे हे वर लिहिलंच आहे.

*

मलावीत १९९० च्या दशकात सीग्लिंड स्नॅप यांनी एक सोपी मांडणी काढली, आई-बाळ चाचणी. गावात एका ठिकाणी सगळे वाण रीतसर गटांत पेरायचे, ती आई. मग एकेका शेतकऱ्याला त्यातले दोन-तीनच द्यायचे, त्याच्या शेतात, त्याच्या पद्धतीनं, ती बाळं. एकेका बाळात आकडा कच्चा असतो. पण चाळीस बाळं झाली की डोंगराच्या दोन्ही अंगांची, आतल्या-बाहेरच्या कडांची, माकडांची आणि काडाची सगळी खबर त्यात येते. नेपाळात पोखऱ्याजवळच्या छोमरोंग आणि घांद्रुक गावांत शेतकऱ्यांना बरोबर घेऊनच उंचावरच्या थंडीतला भात तयार झाला, ‘माछापुच्छ्रे-३’. गव्हातही हे झालंय, पण तुटक.

यात एक गोची आहे. शेतकऱ्याला वाण आवडला की तो दुसऱ्या वर्षी चाचणीची वाट बघत नाही. मूठभर बी शेजाऱ्याकडं जातं, मावशीच्या गावी जातं. शास्त्रज्ञाची चाचणी बिघडते. मला यात वाईट काही दिसत नाही.

*

बियाण्याचा हिशेब. हेक्टरी शंभर किलो बी पेरून वीस क्विंटल आले तर वीस पट. पंजाबात त्याच शंभर किलोचे पंचेचाळीस-पन्नास क्विंटल. पैदासकाराकडच्या बियाण्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, असे टप्पे चढायचे तर डोंगरात प्रत्येक टप्प्याला निम्म्याहून कमी माल हाती येतो. वर ट्रकचं भाडं. म्हणून बियाणं कंपन्यांना डोंगराच्या वाणात रस नाही, आणि डोंगरी वाणाचं बी बऱ्याचदा खाली तराईत वाढवून वर पाठवावं लागतं. ते पोचतं नोव्हेंबरच्या मध्यावर. लवकर पेरणीचा वाण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मातीत पडायला हवा असतो. दुकानात तोवर मैदानातला वाण आलेला असतो, पिशवी रंगीत असते, आणि ओल सुकत चाललेली असते. शेतकरी तीच घेतो.